तिघरा भरला, आमच्या चौकात खड्डा पडला

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात पहिल्या पानावर आपल्या ग्वाल्हेरच्या तिघरा धरणाच्या गेटांचा मोठ्ठा फोटो आला, पाणी धो धो सुटलंय, अलीकडे छत्र्या नि मोबाईल घेऊन माणसं उभी, आणि वर हेडिंग की शहराची पाण्याची चिंता मिटली. फोटो छान होता, मी कापून ठेवलाय. पण हेडिंग वाचून हसू आलं कारण त्या दिवशी आमच्या नळाला टिपूस नव्हता, लाईट गेलेली म्हणून टुल्लू पंप नाही, मोटर नाही, टंकी रिकामी, आणि खाली वाड्याच्या चौकात मात्र घोट्याच्या वर पाणी. ह्यांनी त्याच पाण्यात उभं राहून तुमचा पेपर वाचला.

मी 1986 साली लग्न होऊन इंदूरहून लष्करात आले. (लष्करात म्हणजे फौजेत नाही हो, पुण्याचे पाहुणे अजून घोटाळा करतात. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली इथे छावणी टाकली, तेच हे लष्कर.) इंदूरला तेव्हा नर्मदा घरात येत होती, तोटी फिरवली की पाणी, आणि इथे वाड्याच्या चौकात विहीर. सासूबाई पाणी "काढ" कधी म्हणायच्या नाहीत, "शेंदून आण" म्हणायच्या. माझे हात सोलवटून निघाले पहिल्या महिन्यात. त्यांचा पावसाचा सगळा हिशोब त्या विहिरीतल्या दगडांच्या थरांवर चालायचा, कठड्यावरून वाकून किती थर उघडे दिसतात ते मोजायचं. दिवाळीला सहा-सात, होळीला बारा, आणि मे महिन्यात अठरा दिसले की फर्मान निघायचं, आजपासून अंगण धुणं बंद. दर सोमवारी मोजायच्या आणि कॅलेंडरवर लिहायच्या. मघा नक्षत्राची म्हणही त्यांच्या तोंडी असायची, ती पेपरात छापण्यासारखी नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना आहे.

2004 मध्ये विहीर बुजवली. तेव्हा नळ दोन वेळा येत होते, मागे बोरिंग झालेलं, आणि भाऊजींना गाडी ठेवायला जागा हवी होती. मागची पडकी खोली पाडली तिचा मलबा आत टाकला, वर फरशी बसवली, झालं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मी पण काही बोलले नाही, खरं सांगायचं तर मनातून सुटले असंच वाटलं.

मग 2017 चा पावसाळा कोरडा गेला. तिघरा इतका उतरला की ककेटो-पेहसारी धरणांचं पाणी आणून त्यात सोडावं लागलं आणि 2018 च्या उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड. बोरिंगमधून आधी रेती आली, मग नुसती हवा. गल्लीत टँकर आला की जी भांडणं व्हायची ती सांगायला नको, तीस वर्षांचा शेजार एका ड्रमवरून तुटला. पंचेचाळीस डिग्रीत चौकात बादल्यांची रांग आणि पायाखाली ती विहीर, फरशीखाली, आणि वर भाऊजींची गाडी.

आपल्याकडचा पाऊस असाच लहरी आहे. बंगालच्या उपसागरातून निघालेलं कमी दाबाचं क्षेत्र आपल्यापर्यंत येईतो दमून जातं म्हणून एरवी कोरड, पण एखाद्या वर्षी नेमकं आपल्या डोक्यावर येऊन बसतं आणि हलत नाही. ऑगस्ट 2021 आठवा, शिवपुरी-श्योपुरकडे आभाळ फाटलं, सिंध नदीला असा पूर आला की दतियातले पूल वाहून गेले, माणसं काढायला फौज आली. तीच जमीन दोन वर्षं मागे-पुढे पाण्यासाठी आ वासून बसलेली असते. पण आ वासलेली म्हणून पाणी पिते असं नाही ना, वाळून खडक झालेल्या मातीवर पाऊस एकदम कोसळला तर तो वरून पळतो आणि जाताना माती घेऊन जातो, मुरैना-भिंडचे बीहड, त्या मातीच्या घळी, असेच तर झालेत. आणि शहरात माती तरी कुठे उरलीये, सगळं सिमेंट. गच्चीवरचं पाणी गल्लीत, गल्लीचं नाल्यात, नाल्याचं स्वर्णरेखेत. ज्या स्वर्णरेखेपाशी राणी लक्ष्मीबाईचा घोडा अडला म्हणतात तिचं आता काय झालंय ते फूलबागेवरून जाणाऱ्या प्रत्येकाला नाकाने कळतं.

पावसाचा राग नाही हं माझा. आमचा दूधवाला मुरैन्याकडचा, तो परवा म्हणाला, "अम्मा, बाजरा तो लेट गया, पर सरसों अच्छी होगी." बाजरी आडवी झाली खरी, पण जमिनीत ओल राहिली तर मोहरीचं सोनं होतं, त्याच्या तोंडावर हसू होतं.

आता मुद्द्याचं. ह्या पावसाच्या तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास चौकातून ढप्प असा आवाज आला. मला वाटलं मागची भिंत गेली. टॉर्च घेऊन बघतो तर बरोब्बर विहिरीच्या जागी फरश्या आत गेलेल्या, तीन-साडेतीन फूट खड्डा, भाऊजींची स्कूटी तोंडावर पडलेली आणि चौकातलं पाणी गोल फिरत त्यात जातंय. दोन दिवस मोरीतून न हटलेलं पाणी सकाळपर्यंत गायब. चौक कोरडा. मी चहा घेऊन पायरीवर बसले आणि नुसती बघत राहिले, वीस वर्षं मलबा पोटात घेऊन पण ती विहीर पाणी पीत होती.

(ज्यांच्या घरात अशी बुजवलेली विहीर असेल त्यांनी कृपा करून त्यावर गाडी ठेवू नका आणि पोरांना खेळू देऊ नका. आमचं रात्री झालं म्हणून निभावलं.)

मी मग हिशोब केला. आमची गच्ची हजार स्क्वेअर फूट. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 9 हजार लिटरच्या वर पाणी होतं, म्हणजे पाच हजारवाले जवळजवळ दोन टँकर, एका गच्चीवरून. लष्करात अशा किती गच्च्या आहेत आणि किती बुजवलेल्या विहिरी आहेत ते तुमच्या रिपोर्टरनी एकदा फिरून मोजावं. बऱ्याच नवीन घरांचा नकाशा पास करताना रेन वॉटर हार्वेस्टिंग लिहून द्यावं लागतं, पण आमच्या नात्यात एकांकडे तो पाईप गच्चीवरून खाली येतो आणि तुळशीच्या कुंडीपाशी संपतो. मिस्त्रीला विचारलं, तो म्हणाला पहिल्या सरींचं पाणी वाहू द्या, मोरीचं थेंबभर आत जाऊ देऊ नका, गच्चीचं तेवढं खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडा. मलबा दिवाळीनंतर काढू म्हणाला. एवढंच काम आहे.

ह्या गावाचं नावच मुळी ग्वालिपा साधूवरून आलंय, त्याने किल्ल्यावरच्या सूरजकुंडाचं पाणी राजाला पाजलं आणि राजाचं कुष्ठ गेलं ही गोष्ट आपण पोराबाळांना सांगतो, किल्ल्यावर अस्सी खंभे की बावडी तिकीट काढून दाखवतो, आणि घरातल्या विहिरीत मलबा टाकतो. तिघरा काय, माधवराव शिंदे महाराजांनी बांधला, विश्वेश्वरय्यांची आपोआप उघडणारी गेटं बसवली, तरी ऑगस्ट 1917 मध्ये पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरून फुटलाच की. पुन्हा बांधून व्हायला 1929 उजाडलं. सगळ्या शहराने एकाच भांड्याकडे बघत बसायचं हे मला तरी पटत नाही. आणि चंबळचं पाणी येणार येणार म्हणताहेत ते आल्यावर बघू.

तुम्हाला माझी विनंती एवढीच की तिघऱ्याची लेवल आत्ता रोज छापताय तशीच जानेवारीत, मार्चमध्ये, मेमध्ये पण छापा, दर सोमवारी, एक ओळ पुरे. सासूबाईंच्या कॅलेंडरसारखी. आणि त्या शेजारी वाचकांच्या विहिरींची पण छापलीत तर आमच्या थरांचा आकडा मी पाठवत जाईन.

पत्र जमलं तर रविवारच्या आत छापा. सोमवारी भाऊजींनी खड्डा भरायला मलब्याची ट्रॉली सांगितली आहे, माझं घरात कोणी ऐकत नाही, पण भाऊजी तुमचा पेपर मास्टहेडपासून श्रद्धांजलीपर्यंत सगळा वाचतात.

आपली,
एक जुनी वाचक
लष्कर, ग्वाल्हेर