यावेळी आईचं पण अकाउंट काढूया

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, तुमचा फोन झाल्यावर मी पण अरट्टाई टाकून घेतलं मोबाईलमध्ये. तुमचा पेन्शनर ग्रुप तिकडे चाललाय तर तुम्ही पण जा, अगदी बिनधास्त जा. झोहोचं व्हॉट्सअॅपसारखं अॅप आहे, श्रीधर वेंबूंची कंपनी, २०२१ मध्येच आलेलं, पण २०२५च्या सप्टेंबर अखेरीस एकदम उसळी मारली, दिवसाला तीन हजार नवीन लोक यायचे ते तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेले असं खुद्द वेंबूंनी लिहिलं होतं. त्या गर्दीत ओटीपी पण उशिरा यायला लागले होते. तुम्ही विचारलंत ना की आपलं बोलणं बाहेरचं कोणी वाचेल का, तर कॉलना आधीपासून एन्क्रिप्शन होतं, म्हणजे बोलणाऱ्यांशिवाय कोणाला कळू नये असं कुलूप, पण मेसेजना सुरुवातीला नव्हतं, दोघांमधल्या चॅटला ते नोव्हेंबर २०२५ मध्ये आलं, आणि त्यासाठी समोरच्याचं अॅप पण अपडेट लागतं. म्हणून देसाईकाकांना वगैरे आधी अपडेट करायला सांगा.

पण मला जे मनापासून सांगायचंय ते आईबद्दल आहे. आपल्याकडे इतकी वर्षं व्हॉट्सअॅप म्हणजे बाबांचा फोन. माझे फोटो बाबांच्या फोनवर, मावशीचे निरोप बाबांच्या फोनवर, आईला काही सांगायचं असलं तर बाबा टाईप करणार आणि शेवटी "आई विचारतेय" असं लिहिणार. व्हिडिओ कॉलवर पण आई मागून बोलते, निम्मं ऐकूच येत नाही. बाबा, तुम्ही कधी अडवलं नाहीत हे मला माहितीये, ते तसंच पडत गेलं इतकंच. आता सगळ्यांचीच नव्याने सुरुवात होतेय तर आईची पण होऊ दे, तिच्या नंबरवर, तिच्या फोनवर. मी दिलेला फोन कपाटात ठेवू नकोस गं आई, तो वापरायलाच दिलाय.

शनिवारी दुपारी जेवणं आटोपली की बसा दोघं. प्ले स्टोअर उघडून अरट्टाई शोधा, खाली झोहो कॉर्पोरेशन लिहिलेलं दिसलं तरच घ्या. कोणी लिंक पाठवली तर त्यावरून घेऊ नका, आणि शेवटी एपीके लिहिलेली फाईल तर अजिबात उघडू नका, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली असो नाहीतर ट्रॅफिकच्या दंडाची पावती म्हणून. असल्या फायलींनी लोकांची खाती रिकामी झालीयेत. आईचा नंबर घालायचा, ओटीपी येईल, तो अॅपमध्येच टाकायचा, फोनवरून विचारणाऱ्या कुणालाही सांगायचा नाही. मी विचारला तरी नाही, कारण मी विचारणारच नाही. फोटो मात्र आईचा एकटीचा लावा, सत्यनारायणाच्या पूजेतला आहे तो, हिरव्या साडीतला.

आई, टायपिंगचं टेन्शन घेऊ नकोस. की-बोर्डमध्ये मी मराठी टाकून दिलंय, त्यावर माईकचं चिन्ह आहे ते दाबून बोल, अक्षरं आपोआप उमटतात. तू भराभर बोलतेस म्हणून एखादा शब्द चुकेल, चुकू दे, आम्हाला कळतं. आणि तेही नको वाटलं तर सरळ आवाज रेकॉर्ड करून पाठव, मला तर तेच जास्त आवडेल. अरट्टाईत पॉकेट म्हणून एक जागा आहे, तिथे फक्त आपल्यापुरतं काही ठेवता येतं, तुझी बीपीच्या गोळ्यांची यादी आणि वाण्याचा हिशोब तिथे ठेवत जा, कॅलेंडरच्या मागे शोधायला नको.

बाबा, आई ग्रुपमध्ये हवी याला अजून एक कारण आहे. १ जुलै २०१८ ला धुळ्याकडे राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी आलीय या अफवेवरून डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मारलं, आठवतंय ना? त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने आपल्याकडे फॉरवर्ड पाच चॅटपुरतं केलं. तेव्हा आपल्या घरात पण तसले मेसेज आले होते आणि "हे कोणी बघितलंय, कुठल्या गावात?" असं पहिल्यांदा आईने विचारलं होतं. ती असं विचारतेच प्रत्येक वेळी, मग ते कॅन्सरवरचं औषध असो की बँक बुडाल्याची बातमी. पण तिचं विचारणं स्वयंपाकघरातच राहतं, ग्रुपवर कधी येत नाही. येऊ दे, आपल्या नातेवाईकांना त्याची फार गरज आहे.

व्हॉट्सअॅप लगेच काढून टाकू नका हं. मावशी, डॉक्टर, गॅसवाला सगळे अजून तिकडेच आहेत, दोन्ही राहू देत. आणि कुठल्याही अॅपवर पोलिसांच्या वेशात कोणी व्हिडिओ कॉल करून डिजिटल अरेस्ट वगैरे म्हणालं तर कॉल कट करा, असली अटक कायद्यात नाहीच. पैसे गेल्यासारखं वाटलं तर तिथल्या तिथे १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, मला नंतर. हा नंबर फ्रिजवर चिकटवा.

आई, अकाउंट झालं की पहिला मेसेज मला कर, आणि तो बाबांना करायला लावू नकोस. काहीही अडलं तर कधीही विचार, मी ऑफिसात असले तरी विचार, तेच तेच परत विचारलंस तरी मला चालतं. मावशीला मी सांगून ठेवलंय, तिचं अकाउंट तिच्या सुनेने काढलंय, ती तुझी वाट बघतेय. कुळथाच्या पिठाचं मात्र तूच मला सांग, यावेळी किती पाठवतेस ते.

तुमची,
मनू