देवगिरीच्या कोठाराबद्दलही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत देवगिरी-दौलताबादवरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत. तासून भिंतीसारखा सरळ केलेला कडा, खंदक, हत्तीची धडक बसू नये म्हणून दरवाजांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे, अंधारी म्हणजे वर जाणारा काळोखा भुयारी रस्ता आणि तिच्या वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून भुयारात धूर कोंडायची सोय, सगळं आलंय. फक्त दरवाजे एकासमोर एक नाहीत, हे राहिलं. प्रत्येक वेळी वळावं लागतं, त्यामुळे हत्तीला धाव घ्यायला जागाच मिळत नाही. खिळ्यांपेक्षा मला ही युक्ती मोठी वाटते.

पण एवढा बंदोबस्त असून हा किल्ला पडला कसा, यावर लेखात एक ओळ नाही. माझी सगळी नोकरी तालुक्याच्या सरकारी धान्य गोदामात गेली, त्यामुळे माझी नजर आधी धान्याच्या कोठाराकडेच जाते.

1296 साली अल्लाउद्दीन खिलजी येऊन थडकला तेव्हा रामदेवरायाचं बरंचसं सैन्य बाहेर होतं. घाईघाईत कोकणच्या व्यापाऱ्यांची पोती धान्य समजून गडावर चढवली आणि उघडली तर आत मीठ, अशी हकीकत फारसी इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. खरी असेल तर गोदामपालाची मान खाली जावी! तेवढ्याच मापाचं मिठाचं पोतं गव्हाच्या पोत्यापेक्षा कितीतरी जड. हमालाला पहिल्या खेपेलाच कळायला हवं होतं. थप्पी लावण्याआधी एक पोतं फोडून बघितलं असतं तरी पुरे होतं.

तेव्हा आजच्यासारखे कोट नव्हते, असं कुणी म्हणेल. ठीक आहे, मग 1633 घ्या. किल्ला निजामशाहीकडे होता. अंबरकोट, महाकोट हे तट, तोफा, सगळं जागच्या जागी होतं. मुघल सरदार महाबतखानाने सुरुंग लावून खालचे तट फोडले, पण वरचा किल्ला त्याला लढून घ्यावा लागला नाही. आतलं धान्य संपत आलं होतं. विजापूरच्या फौजा, त्यांत शहाजीराजेही, बाहेरून रसद पोचवायला धडपडत होत्या. मुघलांनी ती पोचू दिली नाही. शेवटी मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने गड स्वाधीन केला.

याच गडावर किल्लेदार असलेल्या आपल्या गुरूंकडे, जनार्दनस्वामींकडे, हिशेब बघणारे एकनाथ महाराज एका पैच्या चुकीसाठी रात्रभर जागले, ही गोष्ट आपल्याकडे भक्तीची म्हणून सांगतात. मला ती किल्ल्याच्या संरक्षणाचीही वाटते, कारण हिशेब चोख असेल तरच कोठारात काय आहे ते कळतं.

पाण्याचंही तसंच. हत्ती हौद, सरस्वती बारव, कचेरी बारव यांच्याजवळून लोक मेंढा तोफेकडे पळतात. डोंगरातून खापरी नळांनी आणलेलं पाणी वेढ्यात शत्रू सहज तोडू शकतो. तेव्हा त्या अवाढव्य हौदाला नुसती शोभा समजू नये.

तरी एक विनंती. किती माणसं, किती घोडे, किती महिने आणि त्यांना धान्य-पाणी किती लागे, असा एक लेख जाणकार अभ्यासकाकडून लिहवून घ्यावा. पोत्यांच्या आकडेमोडीला माणूस लागला तर मी येईन, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त गोदामपाल, कन्नड (जि. छत्रपती संभाजीनगर)