सभेला जाशील तेव्हा

28 डिसेंबर 2025

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

नगरसेविका म्हणून निवडून आलीस त्याचा गुलाल धुऊन झाला असेल, सत्काराच्या शाली कपाटात गेल्या असतील आणि सकाळी सातपासून दारात चपला दिसायला लागल्या असतील, असं धरून लिहिते. फोनवर तुझ्याशी दोन मिनिटं बोलावं तर मागून कोणीतरी "मॅडम, फक्त एक सही" म्हणतंच, म्हणून हे पत्र.

माझी नोकरी नगरपरिषदेच्या सभा विभागात गेली. विषयपत्रिका टाइप करायची, ठराव लिहायचे, इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद तयार करायची. त्यामुळे नगरसेवक गल्लीत किती हात जोडतो यापेक्षा सभागृहात काय करतो, यावरून मी त्याला ओळखते. तू गल्लीत उत्तम वावरतेस, ती काळजी मला नाही. मला काळजी सभेची आहे. चार वर्षं प्रशासक होते, सभा झाल्याच नाहीत. आता निम्म्याहून जास्त सभागृह नवखं असणार आणि जुने मुरलेले त्याचा फायदा घेणार.

सभेची नोटीस येते तिच्यासोबत प्रत्येक विषयाची टिपणी माग. विषयपत्रिकेवर एका ओळीत "प्रभागातील कामांना मान्यता देणे" एवढंच असतं, खरी गोष्ट टिपणीत असते: कोणतं काम, किती रकमेचं, कुठल्या निधीतून. आणि "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय" या शेवटच्या ओळीवर नजर ठेव. जे आधी लोकांना कळू द्यायचं नसतं ते बरेचदा तिथून येतं. मी पाहिलंय, हजेरी वहीवर सह्या झाल्या, चहा-वडे आले, सभा दहा मिनिटांत संपली आणि ठराव दोन दिवसांनी लिहिले गेले. सूचक (ठराव मांडणारा) कोण, अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) कोण, तर ज्यांनी तोंडही उघडलं नव्हतं ते! म्हणून पुढच्या सभेत "मागील इतिवृत्त कायम करणे" हा पहिला विषय येतो तेव्हा झोपू नकोस. आपलं नाव कुठं घातलंय ते वाच. विरोध असेल तर बाहेर येऊन पत्रकारांना सांगू नकोस, आत उभी राहा आणि "माझा विरोध नावासह नोंदवा" म्हण. गरज पडली तर लेखी दे आणि पोच घे.

महात्मा फुले 1876 साली पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी शहर सजवायला 1000 रुपये खर्चायचं ठरलं, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणून ते एकटे विरोधात राहिले. खर्च व्हायचा तो झालाच. पण बाजूनं हात वर करणाऱ्यांची नावं आज कोण सांगेल?

तुझ्या पत्रकात "24 तास पाणी" छापलं होतं. मला तेव्हाच पटलं नव्हतं, पण प्रचारात आईचं कोण ऐकतं. टाकीची क्षमता तेवढी नसेल तर ते एका नगरसेविकेच्या हातातलं नाही, आणि हे तूच लोकांना सांगून टाक, दुसऱ्यानं सांगण्याआधी. हातातलं आहे ते वेळापत्रक. पाणी सोडणाऱ्या माणसासोबत एक दिवस पहाटे फीर, कुठला व्हॉल्व्ह किती वाजता किती आटे उघडतो ते बघ. टोकाच्या घरांना पाणी का चढत नाही हे इंजिनिअरपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. फक्त "आमच्या गल्लीला दहा मिनिटं जास्त सोड" असं त्याला कधी सांगू नकोस. ती दहा मिनिटं टोकाच्या घरांची असतात.

रस्त्याच्या कामावर नारळ फोडायला जाशीलच. काँक्रीट पडतं त्या दिवशीही जा. अंदाजपत्रकाची प्रत आधी मागून घे. जाडी मोजायला सगळे कडेला टेप लावतात, आणि कडेला फळी असते म्हणून तिथं माप बरोबर भरतं. मधे खाली मुरूम वर उचललेला असतो. माल पडण्याआधी कडेच्या फळ्यांवरून आडवी दोरी ताण आणि मधोमध टेप टाक. काम झाल्यावर दोषदायित्वाचा कालावधी किती हे वहीत टिपून ठेव. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते, त्यासाठी नवा ठराव लागत नाही. एकाच रस्त्याला दोनदा निधी कसा लागतो, हे कोडं मला नोकरीत फार लवकर सुटलं होतं.

अर्थसंकल्पाची सभा जवळच आहे. दिव्यांगांसाठी 5 टक्के आणि महिला-बालकल्याणासाठी 5 टक्के ठेवावे लागतात. ठेवतात सगळे, पण मागच्या वर्षी खर्च किती झाला ते विचार.

आता घरचं. जावईबापू तुझ्यासाठी उन्हातान्हात फिरले, त्यांचं कौतुक आहेच. पण सभागृहाच्या दारापर्यंतच. बायकांना 50 टक्के जागा मिळून 14 वर्षं झाली तरी "साहेब घरी आहेत का" म्हणत येणारे आहेत. त्यांच्याशी तूच बोल. सही केलेली कोरी लेटरहेड घरात ठेवू नकोस, रहिवासी दाखला माणूस ओळखीचा असल्याशिवाय देऊ नकोस. धाकट्या दिरांचा खडी-वाळू पुरवण्याचा धंदा आहे. नगरपरिषदेच्या ठेक्यात तुझा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला तर पद जातं, तेव्हा त्यांनी इथल्या कामांपासून लांब राहावं, हे जावईबापूंनीच त्यांना सांगावं. आणि सासऱ्यांनी पुढं काढलेली ती पत्र्याची शेड. विनापरवाना बांधकामावरूनही अपात्रतेची तक्रार होते, हरलेल्यांनी फोटो काढलेही असतील. मामंजींना वाईट वाटेल, पण शेड उतरवा.

प्रभागातून दुसरे निवडून आलेत ते समोरच्या पॅनेलचे. फलकावर कोणाचं नाव वर, यावरून भांडू नका. घंटागाडी दोघांच्याही दारावरून जाते. जमलं तर दोघं मिळून क्षेत्रसभा घ्या. 2009 पासून कायद्यात आहे, नगरसेवकानं मतदारांना बोलावून कामांचा प्राधान्यक्रम ठरवायचा, ग्रामसभेसारखा. आमच्याकडे एकही झाली नाही. कारण उघड आहे, लोक समोर बसले की हिशोब विचारतात. शाळेच्या पटांगणात सतरंजी टाक आणि बोलाव. पंधरा माणसं आली तरी चालतील.

जन्माचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला यांसाठी येणाऱ्यांना तुझी चिठ्ठी देऊ नकोस. 2015 च्या सेवा हक्क कायद्यानं त्याला मुदत आहे. अर्जाची पोच घ्यायला सांग, मुदत उलटली तर अपील कसं करायचं ते सांग. आभार कमी मिळतील, चालेल.

निवडणूक खर्चाचा हिशोब निकालापासून 30 दिवसांत द्यायचा आहे, म्हणजे 20 जानेवारी. मंडपवाल्याची आणि रिक्षा-स्पीकरची बिलं अजून आली नसतील तर मागे लाग. संक्रांतीला मी येतेच आहे, सगळ्या पावत्या एका पिशवीत घालून ठेव, तारीखवार लावून देते.

तुझी,
आई