रबराच्या ॲलर्जीची विचारपूस व्हावी

मा. संपादक,

रुग्णालयात दाखल होताना रुग्णाला औषधांची ॲलर्जी आहे का, हे आवर्जून विचारले जाते. रबराची आहे का, हे आपल्या खान्देशात क्वचितच विचारले जाते. हातमोजे, कॅथेटर (लघवी काढण्यासाठी घातली जाणारी नळी) यांसारख्या अनेक वस्तू रबराच्या झाडाच्या चिकापासून तयार होतात आणि त्यातील प्रथिनांमुळे काहींच्या अंगावर गांधी उठतात, दम लागतो, तर एखाद्याचा शस्त्रक्रिया सुरू असतानाच रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. वारंवार शस्त्रक्रिया झालेली, विशेषतः जन्मतः पाठीच्या कण्यात दोष असलेली मुले आणि वर्षानुवर्षे हातमोजे घालणारे कर्मचारी यांना हा धोका अधिक असतो.

जळगाव जिल्ह्यासाठी यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. केळीतील काही प्रथिनांचे या चिकातील प्रथिनांशी साम्य असल्याने, केळी खाल्ल्यावर ज्यांच्या ओठांना वा घशाला खाज सुटते, त्यांना रबराचीही ॲलर्जी असू शकते. रावेर-यावलसारख्या केळीच्या पट्ट्यात तरी हा प्रश्न केसपेपरवर छापलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पावडर लावलेले हातमोजे तर तातडीने बंद व्हावेत, कारण पावडरीसोबत ही प्रथिने हवेत पसरून हातमोजे न घातलेल्यांच्याही श्वासात जातात. अमेरिकेने २०१७ पासून त्यांवर बंदी घातली आहे. नायट्राइल या कृत्रिम रबराचे, म्हणजे ही प्रथिने नसलेले हातमोजे बाजारात उपलब्ध आहेत. खान्देशातील शासकीय रुग्णालयांनी पुढच्या खरेदीत ते आणि सिलिकॉनचे कॅथेटर यांचा समावेश करावा, ही विनंती.

– एक परिचारिका, भुसावळ