हॉलचे काम सुरू होतेय : रविवारी श्रमदान

सर्व माजी सैनिक, वीरपत्नी आणि वीरमाता-पिता यांना सप्रेम जय हिंद!

आपल्या माजी सैनिक हॉलची कौले काढायचे काम सोमवारपासून सुरू होईल. गेल्या पावसात पाणी थेट भिंतीवर उतरले, वासे कुजले. आता डागडुजीने भागणार नाही. त्याआधी हॉल रिकामा करायचा आहे.

*येत्या रविवारी, सकाळी ८ वाजता, हॉलवर.* फावडे, घमेले असेल तर सोबत आणा. चहा-नाश्ता हॉलवरच.

• भिंतीवरचे फोटो आधी उतरवायचे. नाईक यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) या दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या आपल्या दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशकालीन सर्वोच्च शौर्यपदक) वीरांच्या तसबिरींना ओल लागली आहे. त्या जुन्या चादरीत गुंडाळून शाळेत ठेवू. काचेला हात एकट्याने लावू नका.

• शहिदांच्या नावांची संगमरवरी पाटी जागेवरच राहील. ती हलवू नये, हा बैठकीतला निर्णय आहे. तिला फळ्यांचे कुंपण करू.

• ७१च्या लढाईतल्या, जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) जंगी पलटणीत (मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये) असलेल्या काकांनी वजन उचलू नये. तुम्ही खुर्चीवर बसून कोणता फोटो कोणाचा ते सांगा, मुले मागे लिहून घेतील. हे काम तुमच्याशिवाय होणार नाही.

• वर्गणी खजिनदारांकडेच द्यावी, पावती घ्यावी. वीरपत्नींकडून वर्गणी घ्यायची नाही.

काम चालू असेपर्यंत पेन्शनचे हयातीचे दाखले आणि कॅन्टीन कार्डाची मदत ग्रामपंचायतीत मिळेल. १६ डिसेंबरचा विजय दिवस नव्या छपराखाली करायचा आहे.

– सचिव