आठ आठवड्यांचा हिशेब

प्रिय बंड्या,

पाच महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

कॉकाटीलच्या (तुरेवाल्या छोट्या पोपटांच्या) जोडीने यंदा तीन पिल्लं काढली. दोन गेली. तिसऱ्याचं नाव ठेवायचं नाही असं ठरवलं होतं (त्याचं नाव पंतोजी). त्याला न्यायला आज माणसं पिंजरा घेऊन दारात. परवाच आठ आठवडे पूर्ण झाले, तारीख मीच दिलेली. आणि मी त्यांना रिकाम्या पिंजऱ्यानिशी परत पाठवलं. घरात कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला.

"आठ आठवडे झाले की द्यायचं" हे तुझंच. पुस्तकात आठ ते दहा असतं, तू नेहमीप्रमाणे अलीकडचा आकडा उचललास. दिसायला पंतोजी तयार आहे. उडतो, पडद्याच्या दांडीवर बसून शिट्टी घालतो, राळ्याच्या वाटीत तासन्‌तास चोच चालवतो. तीन दिवसांपूर्वी वाटीत फुंकर मारली. फोलपटं उडाली आणि तळाशी सोललेले दाणे तसेच! गडी सोलायला शिकलाय, गिळायचं अजून राहिलंय.

मग वजनकाटा काढला. रोज सकाळी उपाशीपोटी: 88, 86, आज 83 ग्रॅम. उडायला लागताना पिल्लं वजनाने उतरतातच, दहावा हिस्सा गेला तरी घाबरायचं नसतं. पण याला उडायला लागून तीन आठवडे झाले, आता का उतरावं? रात्री गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपली तर चपटी. भरवायची सिरिंज दिसली की मान खालीवर करत ती घरघर सुरू. तारीख गाठायची म्हणून गेल्या आठवड्यात दुपारचं आणि रात्रीचं हँडफीड मीच बंद केलं होतं, बंड्या.

न्यायला आलेले म्हणाले, "आम्ही भरवू की, सिरिंज द्या." पूर्वी पाखरू नेताना वहिनीचा भाऊ हेच म्हणाला होता, अगदी याच सुरात. सिरिंजने भरवायचं पातळ खाणं चाळीस अंशांच्या आसपास हवं. चार-पाच अंश वर गेलं की पिशवी आतून भाजते आणि बरेच दिवस बाहेरून पत्ताही लागत नाही. "पाखरू पाठवलंस, अक्कल पाठवायची राहिली," असं तू बोललास आणि मी दोन महिने बोललो नाही. तेव्हा तुझं बरोबर होतं. सायकलच्या बाबतीत मात्र अजूनही चूक तुझीच.

आता ठरवलंय, सिरिंजशिवाय सलग आठवडाभर वजन टिकलं आणि रात्री पिशवी भरलेली लागली, तरच द्यायचा. तरीही नव्या घरी पहिले काही दिवस तो पुन्हा भरवून मागेलच, हे त्यांना बजावलंय. मोठी माणसं फुगली. त्यांच्या पोरीने मात्र संध्याकाळी फोन करून विचारलं, "उद्याचं वजन किती वाजता कळेल?"

तुझ्या बढतीचं कळलं, अभिनंदन. धाकटीचा दात आला का?

खरी मेख वेगळीच आहे. तो तयार नाही, की मलाच सोडवत नाही? आज रात्री भरवल्यावर पिशवी टम्म झाली तरी मी तीनदा चाचपून पाहिली. पुढच्या रविवारी ये आणि तूच हात लाव. या बाबतीत माझ्या बोटांचा भरवसा नाही.

तुझा,
दादू