तिकीट माइल्सवर निघतं, दवाखान्याचं बिल निघत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका ज्येष्ठ वाचकाचा प्रश्न होता. मुलाने विमान कंपनीच्या माइल्सवर (म्हणजे सतत प्रवास करणाऱ्याच्या खात्यात कंपनी जमा करते त्या गुणांवर) परदेशाची तिकिटं काढून दिली आहेत, तर प्रवास विमा घ्यावा का? त्यांना उत्तर मिळालं की तिकिटाला पैसेच पडलेले नाहीत, तेव्हा बुडण्यासारखं काही नाही. व्हिसासाठी लागेल तेवढा सर्वांत स्वस्त विमा घ्या आणि निश्चिंत जा. हे उत्तर वाचून मी बेचैन झाले. दोन वेळा याच प्रसंगातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सांगलीला विश्रामबागेत राहते. पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेतून एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. धाकटा मुलगा जर्मनीत डार्मश्टाटला असतो. कंपनीच्या कामासाठी त्याचं सतत फिरणं असतं, त्यामुळे त्याच्या खात्यात माइल्स साठत जातात. २०२३ च्या एप्रिलअखेर सुनेचं बाळंतपण होतं, म्हणून त्याने आम्हा दोघांची मुंबई–फ्रँकफर्टची जाऊन-येऊन तिकिटं काढली. त्याला १,२०,००० माइल्स गेले आणि वर कर व अधिभार मिळून ६१,२०० रुपये रोख भरावे लागले. माइल्सच्या तिकिटाला एवढी रोकड लागते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फुकट तिकीट म्हणतात त्याचा हा पहिला आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

मुलाचं घर दोन खोल्यांचं. बाळंतपणाच्या दिवसांत तिथे गर्दी नको म्हणून आम्ही जवळच पंधरा दिवसांसाठी एक खोली घेतली. तिचे ३८० युरो आमच्या कार्डावरून आगाऊ भरले. खोली रद्द केली तर ते परत मिळणार नव्हते. मग इथल्या एजंटाकडून विमा घेतला. साधी पॉलिसी ७,५८० रुपयांना होती. प्रवास रद्द झाल्यास माणशी १,००० डॉलरपर्यंत भरपाई देणारी ९,४४० ला. मी दुसरी घेतली. हीच तिकिटं त्या दिवशी विकत घेतली असती तर १,४६,००० रुपये पडले असते आणि तेवढी रक्कम सुरक्षित झाली, अशी माझी समजूत होती. एजंटाने तिकिटाची किंमत विचारली, मी तो आकडा सांगितला. तिकीट कशावर काढलं हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

निघायच्या नऊ दिवस आधी आमचे हे न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला शस्त्रक्रिया झाली. त्या रात्री मला तिकिटाची आठवणसुद्धा नव्हती. मुलाने तिकडून दुसऱ्या दिवशी तिकिटं रद्द केली, आणि ते किती महत्त्वाचं होतं हे मला नंतर समजलं. विमान सुटायच्या आधी रद्द केलं तर बहुतेक कंपन्या काही शुल्क कापून माइल्स खात्यात परत टाकतात. तसंच राहू दिलं आणि प्रवासी आलाच नाही अशी नोंद झाली, तर माइल्स जाऊ शकतात. घरातलं माणूस दवाखान्यात असताना हे काम कोण करणार हे आधीच ठरवून ठेवावं. ज्याच्या खात्यातून माइल्स गेले त्याच्याकडेच ते सोपवलेलं बरं.

आमचे सगळे माइल्स परत आले. दर तिकिटामागे ५० युरो कापले गेले. कराची रक्कम तीन आठवड्यांनी मुलाच्या कार्डावर जमा झाली.

मग मी क्लेम केला. खोलीचे ३८० युरो, रद्द करण्याचं शुल्क १०० युरो आणि तिकिटांचे १,४६,००० रुपये. खोलीचे पैसे दवाखान्याची कागदपत्रं पाहून मंजूर झाले. शुल्काच्या १०० युरोंसाठी चार महिने पत्रव्यवहार चालला, कारण ते मुलाच्या कार्डावरून गेले होते आणि मुलगा पॉलिसीत नव्हता. त्याला मी ते पैसे पाठवल्याचा बँकेचा उतारा दिला, तेव्हा तेही मिळाले. तिकिटांची रक्कम मात्र साफ नाकारली. विमा घेणाऱ्याने स्वतः भरलेला आणि परत न मिळणारा खर्चच भरून मिळतो. माइल्स हा भरलेला पैसा नाही, असं दोन ओळींत उत्तर आलं.

मी संतापले. पुण्याला विमा लोकपालांकडे जायचं असं ठरवून पॉलिसीची सगळी पानं काढून बसले. विमा कंपनीने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर लोकपालांकडे जाता येतं आणि तिथे शुल्क पडत नाही, हे मला नोकरीतल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं होतं. पण पॉलिसीत ती अट स्पष्ट छापलेली होती. आणि माइल्स तर खात्यात परत आले होते. न झालेल्या नुकसानीची मागणी मी करत होते. ज्या बाईने इतरांची बिलं याच कारणासाठी परत पाठवली, तिने हे मान्य करायलाच हवं होतं. मी तक्रार केली नाही.

तरीही खरं नुकसान झालंच, फक्त ते कुठल्या क्लेमच्या अर्जात बसत नाही. मुलाने त्या तिकिटांसाठी क्रेडिट कार्डाचे ४०,००० पॉइंट्स विमान कंपनीच्या खात्यात वळवले होते. असे वळवलेले पॉइंट्स साधारणपणे कार्डाकडे परत येत नाहीत. तिकीट रद्द झालं तरी ते माइल्स म्हणूनच राहतात. पुष्कळ योजनांत माइल्सना मुदतही असते. लुफ्तान्सा गटाच्या ‘माइल्स अँड मोअर’मध्ये किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’मध्ये ती सर्वसाधारण सभासदाला ३६ महिन्यांची आहे. आणि पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा जायचं ठरवलं तेव्हा त्याच प्रवासाला १,२०,००० ऐवजी १,४४,००० माइल्स लागले. ही वाढ भरून देणारी पॉलिसी मी शोधली. मला एकही मिळाली नाही.

दुसऱ्या खेपेला, २०२४ च्या ऑक्टोबरात, मी कागद घेऊन बसले आणि आमच्या खिशातून गेलेली आणि परत न येणारी रोकड किती, एवढंच मांडलं. खोली नव्हती, कारण मुलाने मोठं घर घेतलं होतं. कर परत मिळणार होते. माइल्स परत मिळणार होते. उरले फक्त रद्द करण्याचे १०० युरो. म्हणजे साधारण नऊ हजारांसाठी दोन हजारांच्या आसपास जादा प्रीमियम! या खेपेला तो भाग मी घेतला नाही. २०२३ मध्ये तो घेतला ते खोलीमुळे बरोबर ठरलं, माइल्समुळे नव्हे. तिकीट माइल्सवर आहे म्हणून विमा नकोच, हेही चूक आणि तिकिटाच्या बाजारभावाएवढा विमा हवा, हेही चूक. माइल्सच्या तिकिटाभोवती रोख भरलेलं काय काय आहे ते बघावं: हॉटेल, रेल्वे, मधल्या टप्प्याचं विकत घेतलेलं विमान, सहलीची आगाऊ रक्कम.

वाचलेले पैसे मी वैद्यकीय भागावर घातले, आणि रविवारच्या उत्तरातला ‘सर्वांत स्वस्त’ हा शब्द मला याचसाठी खटकला. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, त्यामुळे युरोपला जाणाऱ्याला घ्यावा की न घ्यावा हा प्रश्नच नसतो. कोणता घ्यावा हा असतो. स्वस्त पॉलिसीच्या पहिल्या पानावर ५०,००० डॉलरचा आकडा असतो. आत मात्र साठीच्या पुढच्या लोकांसाठी वेगळा तक्ता निघू शकतो: खोलीला दिवसाला इतके, शस्त्रक्रियेला इतके, डॉक्टरांच्या भेटीला इतके. एजंट याला सब-लिमिट म्हणतात. एकूण आकडा मोठा असूनही प्रत्येक बाबीला छोटी छोटी मर्यादा असते. मी सब-लिमिट नसलेली पॉलिसी मागितली. आमच्या दोघांच्या वयाला (हे ७०, मी ६६) ती ११,३०० रुपयांना पडली. यांचा रक्तदाब आणि माझं थायरॉइड, दोन्ही अर्जात लिहिलं. एजंट म्हणाला, थायरॉइड कशाला लिहिता? तरी लिहिलंच. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर आला तर क्लेमच अडचणीत येतो. लिहिलेल्या जुन्या आजारालासुद्धा पुष्कळ पॉलिसी फक्त जिवावर बेतलं तरच आणि मर्यादित रकमेपर्यंत मदत करतात, हेही मी आधी वाचून घेतलं.

नात तेव्हा दीड वर्षाची होती. जन्माच्या वेळी हुकलेली ती भेट आम्ही सहा आठवड्यांत भरून काढायची ठरवली होती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला ताप आणि खोकला सुरू झाला. चौथ्या दिवशी रात्री दम लागला, मुलाने दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया निघाला. पाच रात्री ठेवून घेतलं. दाखल होतानाच मुलाने पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला फोन केला, क्लेम क्रमांक घेतला आणि दवाखान्याला दिला. बिल ४,६१२ युरो झालं, आपले चार लाखांहून जास्त. त्यातले सुरुवातीचे १०० डॉलर आम्हाला भरायचे होते, बाकी विमा कंपनीने परस्पर चुकते केले. माइल्सवर आलेय की विकतच्या तिकिटावर, हे मला कुणीही विचारलं नाही. तसं विचारायचं काही कारणही नव्हतं.

डॉक्टरांनी दोन आठवडे विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. परतीची तारीख बदलायची तर माइल्सच्या जागा मोकळ्या हव्यात, आणि त्या मोजक्याच असतात. आम्हाला अकरा दिवस उशिराची जागा मिळाली. सुदैवाने पॉलिसी मी परतीच्या तारखेपुढे पंधरा दिवसांची घेतली होती. माइल्सवर जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं असं मी आग्रहाने सांगेन. विकतच्या तिकिटाला पैसे टाकून दुसऱ्या दिवशीची जागा मिळू शकते. माइल्सच्या तिकिटाला थांबावं लागतं, आणि त्या दिवसांत विमा संपलेला असता कामा नये.

आणखी एक गोष्ट. माइल्सचं तिकीट म्हणजे फुकट, म्हणून त्या प्रवाशाला हक्क नाहीत असं पुष्कळांना वाटतं. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात हे स्पष्ट लिहिलं आहे की वारंवार प्रवास करणाऱ्यांच्या योजनेतून काढलेल्या तिकिटांनाही तो लागू आहे. संघातल्या देशांच्या विमानतळावरून निघणारं कोणत्याही कंपनीचं विमान, किंवा संघातल्या कंपनीचं तिकडे जाणारं विमान, यांना तो लागतो. साडेतीन हजार किलोमीटरहून लांबच्या प्रवासात कंपनीच्या दोषामुळे चार तासांहून अधिक उशीर झाला, तर माणशी ६०० युरो भरपाईची तरतूद आहे. वादळ किंवा हवाई हद्द बंद होणं यासारख्या कारणांना ती मिळत नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण हा हक्क विम्यावाचूनच मिळतो, हे माहीत असावं.

क्रेडिट कार्डासोबत मिळणाऱ्या विम्याच्या भरवशावर मात्र राहू नये. काही कार्डांची अट असते की तिकिटाचं भाडं त्याच कार्डाने भरलेलं असावं. माइल्सच्या तिकिटात कार्डावरून फक्त कर गेलेले असतात. तेवढ्याने अट पूर्ण होते का, हे बँकेकडून लेखी घ्यावं. फोनवरच्या ‘हो मॅडम, चालतंय’ला क्लेमच्या वेळी किंमत नसते.

विमा कंपन्यांकडे माझी एक मागणी आहे. अर्जात तिकिटाची किंमत विचारता, तिथेच ‘तिकीट पैसे भरून की पॉइंट्सवर’ एवढा एक प्रश्न घाला, आणि पॉइंट्सवर असेल तर त्याची भरपाई मिळत नाही हे पहिल्याच पानावर मराठीत छापा. आता तिकिटं मुलं काढून देतात आणि विमा आईबाप इथल्या एजंटाकडून घेतात. माइल्स म्हणजे काय हे त्या एजंटालाही ठाऊक नसतं. १,८६० रुपये जादा भरताना मला हे कुणी सांगितलं असतं, तर निदान ते कशासाठी भरतेय हे मला कळलं असतं.

प्रश्न विचारणारे गृहस्थ मे महिन्यात सपत्नीक निघणार आहेत आणि त्यांना मधुमेह आहे, असं त्यांनीच लिहिलं होतं. त्यांनी अजून विमा घेतला नसेल, तर सब-लिमिट नसलेला घ्यावा, मधुमेह लिहावा आणि परतीपुढचे पंधरा दिवस धरावेत. हे त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचावं म्हणून पत्र लांबलं असलं तरी याच आठवड्यात छापावं, ही विनंती. जागेअभावी कापायचं झाल्यास माझी पहिल्या खेपेची हकीकत कापावी, दुसरी ठेवावी.

आपली एक जुनी वाचक,
विश्रामबाग, सांगली
(कृपया नाव छापू नये.)